चार चौकटी आणि आपली भिंत

मी बोरगाव मेघेहून बोलते आहे. दर वेळी मी तुमच्याशी बचत, व्याज, प्रोसिडिंगचं रजिस्टर, नाही तर शेवया-पापडांच्या ऑर्डरीबद्दल बोलते. आज चित्रकथांबद्दल बोलणार आहे. कॉमिक्स म्हणतात ना, तेच. आणि त्या ओघात इंटरनेटबद्दलही. रेडिओ बंद करू नका, यात हप्त्यांचाही विषय आहे.

माझे मामा पुण्याला होते. सुटीत यायचे तेव्हा बॅगेत जुन्या ‘सकाळ’ची चळत बांधून आणायचे. त्यात ‘चिंटू’ असायचा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू २१ नोव्हेंबर १९९१ रोजी ‘सकाळ’मध्ये सुरू झाला. दोन-चार चौकटींचा खेळ, एक पोरगा, त्याचा मित्र पप्पू, मिनी, जोशी काकू. मी ते तुकडे कात्रीने कापून बाबांच्या जुन्या हिशेबाच्या वहीत भाताच्या शितांनी चिकटवायची. आई ओरडायची, शितं वाया घालवते म्हणून. ती वही आजही आमच्या पेटीत आहे, कडा उंदरांनी खाल्लेल्या.

असं वेड तुमच्यातही कुणाला होतंच. आमच्या गटातल्या एका काकूंकडे ‘चांदोबा’चे वीस-पंचवीस अंक निघाले. त्यांच्या वडिलांनी जपलेले. विक्रम राजा खांद्यावर प्रेत घेऊन चाललाय, हे शंकर नावाच्या चित्रकाराचं चित्र त्यांना इतकं पाठ की त्या डोळे मिटून सांगतात, तलवार कुठल्या हातात ते. काकू दुसरीपर्यंत शिकलेल्या. पण ‘चांदोबा’ त्यांनी वाचला, म्हणजे पाहिला, आणि पाहता पाहता अक्षरं जुळवली. माझं बी.ए. झालंय, पण चित्र वाचायला मी त्यांच्याकडून शिकले.

दोन वर्षांपूर्वी आम्ही गटाच्या बैठकीत चित्रं काढायला लागलो, त्याचं कारण मात्र मौज नव्हतं. आमच्या भागात खाजगी फायनान्सची कर्जं खूप झाली होती. बचत गटाची नव्हे, आठवड्याच्या हप्त्यांची. एका घरी रात्री सात-साडेसातला हप्तेवाला येऊन बसायचा. त्याच्यासोबत त्याच कर्जातल्या पाच-सहा बाया. पैसे मिळेपर्यंत कुणी उठायचं नाही. त्या घरातली पोरगी दहावीला होती. तिला अभ्यासाला शेजारी पाठवायचे.

आम्हाला नियम माहीत होता. रिझर्व्ह बँकेचे सूक्ष्म कर्जाचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीला यायचं नाही. वसुलीची जागा दोघांनी मिळून ठरवायची, आणि तिथे बाई लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा आली नाही तरच घरी यायचं. कर्जाचा सगळा तपशील बाईला समजेल अशा भाषेत कागदावर लिहून द्यायचा. घरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. हे मी बैठकीत तीनदा वाचून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा रात्री साडेसात.

मग आम्ही त्याची चित्रकथा केली.

ही पद्धत आमची नाही. दिल्लीच्या ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’चे शरद शर्मा गेली कितीतरी वर्षं देशभर गावकऱ्यांना ती शिकवत आले आहेत. चित्रकार नसलेल्या माणसाने स्वतःची गोष्ट चार चौकटींत मांडायची. ए-फोर आकाराचे दोन कागद जोडायचे, झेरॉक्स काढायची आणि शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या, पिठाच्या चक्कीच्या भिंतीवर चिकटवायची. खर्च दोन झेरॉक्सचा आणि खळीचा.

आमची पहिली चौकट: दारावर हप्तेवाला, मागे घड्याळ, सात वाजलेत. दुसरी: घरात बाया दाटीवाटीने बसलेल्या, कोपऱ्यात पोरगी पुस्तक उघडून. तिसरी: बाई घड्याळाकडे बोट दाखवते. चौथी: ती म्हणते, “उद्या नऊनंतर, ठरल्या जागी या. आणि व्याजाचा कागद घेऊन या.” बस्स. कुठल्या कंपनीचं नाव नाही, माणसाचं नाही. हप्तेवाल्याचा चेहरा काढणाऱ्या ताईंना नाक जमलं नाही, म्हणून त्याला टोपी घातली आणि नाक टोपीखाली लपवलं.

त्या चांदोबावाल्या काकू चित्रापुढे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “मले अक्षरं बराबर दिसत नाही आता, पण घडी पाहूनच समजून रायलं. सात वाजता येनं चूक हाय.” माझ्या तीन वाचनांनी जे झालं नाही, ते घड्याळाच्या दोन काट्यांनी केलं.

चक्कीवर ते चित्र लागलं. मग एकीने फोनवर फोटो काढून व्हाट्सअ‍ॅपवर टाकला. दुसरीने माहेरी धाडला. आमच्या एका पोरीने मोठ्या कंपनीच्या अ‍ॅपवर गटाच्या नावाचं पान उघडलं आणि तिथे आम्ही दर पंधरा दिवसांनी एक चित्रकथा टाकू लागलो. राशनच्या अंगठ्याची, कापूस वेचणीच्या मजुरीची, सासू-सुनेच्या फोनच्या भांडणाची. लोक लिहायचे, पुढची कधी? मला ‘चिंटू’ची वाट पाहणारी मीच आठवायची.

आता दुसरी बाजू. एक दिवस निरोप आला, ते घड्याळाचं चित्र काढून टाका, नाही तर तुमच्या वस्तीत कुणालाच कर्ज मिळणार नाही. निरोप देणाऱ्याचं नाव मी घेत नाही. बैठकीत दोन तट पडले. ज्यांच्या घरी लग्न किंवा पोराची फी होती, त्या म्हणाल्या, काढून टाका ना ताई, चित्रच तर आहे. मला राग आला होता, पण त्यांचं खोटं नव्हतं. गटाचं अंतर्गत कर्ज पुरत नाही म्हणूनच बाया तिकडे जातात, हे मी कोणत्या तोंडाने नाकारू? दोन तास वाद झाला. शेवटी ठरलं की चित्रात कुणाचं नाव नाही आणि नियम खरा आहे, तेव्हा ते राहील. ज्यांना भीती वाटते त्यांची नावं खालून काढली. तीन नावं राहिली.

त्यानंतर आठवड्याभरातच अ‍ॅपवरचं आमचं पान बंद झालं. तक्रारी आल्या आहेत, एवढंच उत्तर. कोणाच्या, कशाबद्दल, काही नाही. दाद मागायचा अर्ज इंग्रजीत होता. तो भरला, उत्तर आलं नाही. वर्षभराच्या चित्रकथा, खाली लोकांनी लिहिलेलं, सगळं गेलं. ती पोरगी रडली. काकू म्हणाल्या, “कागद हाय ना आपल्यापाशी?” कागद होते. गटाच्या लोखंडी पेटीत, रजिस्टरच्या खाली.

तेव्हापासून मी या इंटरनेटच्या प्रकाराची माहिती काढायला लागले. आणि माझ्या हाती एक जुनी गोष्ट लागली, जी आपल्याच राज्यातल्या शेतकऱ्याच्या नावाने घडली. आपल्या रेडिओवर बातम्या सांगायला परवानगी नाही, पण ही आता बातमी राहिलेली नाही.

फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुक कंपनीने एका मोबाईल कंपनीच्या सोबतीने भारतात फुकट इंटरनेटची योजना आणली. सुरुवात ज्या भागांत झाली त्यात महाराष्ट्र होता. पुढे तिचं नाव ‘फ्री बेसिक्स’ झालं. पैसे न भरता काही ठरावीक संकेतस्थळं पाहता येणार. बाकीच्यांसाठी पैसे भरा. डिसेंबर २०१५ मध्ये ट्राय, म्हणजे दूरसंचाराचे नियम ठरवणाऱ्या प्राधिकरणाने, हे योग्य की अयोग्य यावर लोकांची मतं मागवली. तेव्हा वर्तमानपत्रांत पानंच्या पानं जाहिराती आल्या. २८ डिसेंबरला फेसबुकचे मालक मार्क झुकरबर्ग यांनी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहिला. त्यात महाराष्ट्रातल्या गणेश नावाच्या शेतकऱ्याचं उदाहरण होतं. तो या सेवेवर हवामान पाहतो, भाव पाहतो, नवीन पिकात पैसे घालतो, मग यात वाईट ते काय, असा सवाल होता.

आमच्या बैठकीत हे सांगितलं तर एक ताई लगेच म्हणाल्या, “बरोबरच तं हाय. फुकट देत होते तं लोकाईनं नाही काऊन म्हटलं बाप्पा?”

मलाही आधी तसंच वाटलं. म्हणून मी त्यांना एसटीचं सांगितलं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. ते अर्धं तिकीट आर्वीला चालतं, हिंगणघाटला चालतं, पुलगावला चालतं. माहेरी जा, दवाखान्यात जा, देवदर्शनाला जा, कंडक्टर विचारत नाही. आता समजा, एखादा मोठा दुकानदार म्हणाला, मी बायांना फुकट बस देतो, पण ती मी निवडलेल्या दहा गावांनाच जाईल. तुमचं माहेर त्या दहात नसेल तर? आणि तुम्ही तिखट-हळद विकत असाल, आणि तुमचं गाव त्या यादीत नसेल, तर फुकट बसमधलं गिऱ्हाईक तुमच्याकडे येईल का? ते यादीतल्या दुकानाकडेच उतरेल.

ताई जरा थांबल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे हे तिकीट सवलतीचं नाही, ओढून न्यायचं हाय.”

त्या योजनेत एक अट होती, जी चित्र काढणाऱ्यांना लागते. यादीत यायचं असेल तर तुमच्या पानावर व्हिडिओ नको, मोठे स्पष्ट फोटो नकोत, फोटोंचा भरणाही नको. म्हणजे ज्यांना अक्षर जड जातं, त्याच बायांना फुकटात फक्त अक्षरं. चित्रकथेला तिथे जागाच नव्हती. गणेशचं ठीक असेल, पण आमच्या काकूंचं काय?

आपल्या देशातल्या लोकांनी तेव्हा बरंच केलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये याच विषयाच्या आधीच्या फेरीत ट्रायकडे दहा लाखांहून जास्त ई-मेल गेले होते. शेवटी ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने नियम काढला: कोणतं पान पाहता यावरून मोबाईल कंपनीने वेगळा दर लावायचा नाही. मोडला तर दिवसाला ५० हजार रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाखांपर्यंत. काही दिवसांतच ‘फ्री बेसिक्स’ भारतातून गुंडाळलं गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नवी मोबाईल कंपनी आली, डेटा स्वस्त झाला, आणि आपल्या हातात जे नेट आलं ते सगळ्या गावांना जाणारं आलं. तुमच्या फोनवर आमचं चित्र जेवढ्या पैशांत उघडतं तेवढ्याच पैशांत मोठ्या कंपनीचं पान उघडतं, ते या नियमामुळे.

खुल्या नेटवर काय उभं राहू शकतं, याचं एक उदाहरण आमच्या किशोरी मुलींच्या गटात रोज हाताळलं जातं. ‘मेनस्ट्रुपीडिया’ नावाची चित्रकथा आहे, पाळीबद्दल. झारखंडची आदिती गुप्ता आणि तिचा जोडीदार तुहिन पॉल यांनी अहमदाबादच्या डिझाईनच्या संस्थेत शिकत असताना तो विषय हाती घेतला. २०१२ मध्ये त्यांनी संकेतस्थळ उघडलं आणि लोकांकडून नेटवर वर्गणी जमवून पुस्तक काढलं. प्रिया दीदी तीन मुलींना समजावून सांगते, अशी गोष्ट. आज ते मराठीतही आहे. कुण्या मोठ्या प्रकाशकाने, कुण्या कंपनीने आधी परवानगी द्यावी म्हणून ते थांबले असते, तर पाळीचं पुस्तक कुणी छापलं असतं? आमच्या घरी आजी ‘कावळा शिवला’ म्हणून बाजूला बसवायची. माझी भाची ते पुस्तक चुलत्यासमोर उघडून वाचते.

आता तुम्ही म्हणाल, नियम झाला, मग तुमचं पान कसं बंद पडलं? हाच तर घोटाळा आहे. रस्ता खुला आहे, पण आपण घर बांधलं ते दुसऱ्याच्या अंगणात. रस्त्यासाठी ट्रायचा नियम आहे. अंगणवाला मात्र कधीही म्हणू शकतो, उठा. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांचं तर स्वतःचं संकेतस्थळ होतं, तरी डिसेंबर २०११ मध्ये मुंबई पोलिसांच्या तक्रारीवरून जागा देणाऱ्या कंपनीने ते बंद केलं. त्यांनी चित्रं दुसरीकडे हलवली. पुढच्या वर्षी त्यांना अटकही झाली, राजद्रोहाचं कलम लागलं, ते नंतर मागे घेतलं गेलं. त्यांची सगळीच चित्रं मला पटतात असं नाही. काही मी गटात दाखवणार नाही. पण चित्र न पटणं आणि चित्राची जागाच काढून घेणं, यात फरक आहे.

म्हणून आम्ही आता काय करतो ते सांगते, तुमच्या कामी येईल. मूळ कागद पेटीत, त्याची नोंद रजिस्टरमध्ये: तारीख, विषय, काढणाऱ्याचं नाव. फोटो दोन वेगवेगळ्या फोनमध्ये आणि एका पेनड्राईव्हवर. वर्ध्याला कॉम्प्युटर शिकणाऱ्या आमच्या पोरीने गटाच्या नावाने साधं पान उघडून दिलं आहे. त्याचं वर्षाचं भाडं गटाच्या खात्यातून जातं, ठराव करून. तिथे अ‍ॅप नको, पासवर्ड नको, स्वस्तातल्या फोनवरही उघडतं. व्हाट्सअ‍ॅपवर टाकायचं थांबवलेलं नाही, कारण बाया तिथेच आहेत. फक्त तेच एक घर मानत नाही. आणि प्रत्येक चित्रकथेसोबत एक मिनिटाचा आवाज टाकतो. काकू वाचून दाखवतात, म्हणजे पाहून सांगतात. त्यांचा आवाज ऐकून हिंगणघाटच्या एका गटाने फोन केला होता.

खुलं म्हणजे लुटा असं नाही, हेही बोलायला हवं. आमची राशनवाली चित्रकथा एका दुकानदाराने खालची नावं कापून स्वतःच्या जाहिरातीखाली फिरवली. आता आम्ही नावं खालच्या कोपऱ्यात लिहीत नाही, चित्राच्या आत लिहितो, घागरीवर, भिंतीवर, साडीच्या काठावर. आणि तुम्हीही ‘चिंटू’ किंवा दुसऱ्या कुणाचं चित्र पुढे धाडताना चित्रकाराचं नाव कापू नका. त्याचं पोट त्यावर आहे.

काढायचं कसं, तेही पटकन सांगते. आधी गोष्ट तोंडी सांगा, चार वाक्यांत. पाचवं वाक्य लागलं तर गोष्ट दोन आहेत. कागदावर पहिल्यांदा बोलणं लिहा आणि मग त्याभोवती फुगा काढा. फुगा आधी काढला तर शब्द मावत नाहीत, हे आम्ही दहा कागद फाडून शिकलो. माणसं मोठी काढा, घर-झाडं नंतर. काळा जाड पेन वापरा, पेन्सिल झेरॉक्सवर उमटत नाही. फोटो दुपारी ओट्यावर काढा, स्वतःची सावली पडू देऊ नका. नाक जमलं नाही तर टोपी आहेच.

त्या घरी हप्तेवाला अजून येतो. पण आता तीन वाजता येतो, समाजमंदिराच्या ओट्यावर. व्याजाचा कागद एकीला मिळाला, दोघींना मिळालेला नाही. तो का मिळाला नाही, याची चित्रकथा सध्या चालू आहे. दोन चौकटी झाल्या आहेत. तिसऱ्या चौकटीत काय काढायचं यावर आमचं भांडण चाललंय. पुढच्या शनिवारी दुपारी दोन वाजता समाजमंदिरात बैठक आहे. आजूबाजूच्या वस्त्यांतल्या बायांनीही यावं. कागद आम्ही देऊ, जाड पेन मात्र घरून आणा.